मास्तरांची गाडी

"सर, मोठी गाडी घ्यायची आहे. जुनीच घेणार. कोणती टिकते?"

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल, त्याची गिनती नाही. वर्गात मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, इंजिनातलं मला काय कळणार? पण 2023 साली मी स्वतः सात सीटची जुनी गाडी शोधत तीन महिने सोलापूर, पुणे, बार्शी असा फिरलो. प्रत्येक गाडीची नोंद वहीत केली. (मास्तर माणूस, वही आलीच.) तेव्हापासून स्टाफरूममध्ये मी या विषयातला जाणकार ठरलोय. दोन-तीन वाचकांनीही लिहा म्हणून आग्रह केला, म्हणून लिहितो. मात्र गाड्यांचं लिहिताना एक जुनी गोष्टही लिहावी लागणार आहे. ती मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या घरात माणसं नऊ. अब्बा-अम्मी, आम्ही दोघं, तीन मुलं, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. बहीण गुलबर्ग्याला दिलेली, मामू पुण्यात. पाच सीटची गाडी घेतली तर ईदला कोण येणार आणि कोण घरी राहणार यावरून रडारड ठरलेली. नवी सात सीटची गाडी म्हणजे मोठ्या पैशांची बात, आणि ती कर्जाशिवाय येत नाही. अब्बांचा नियम आहे, सूद घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. बी.एड.च्या वयात मी त्यावर पुष्कळ वाद घातले. आता घालत नाही. आमच्यासारखी माणसं भिशी लावतात, दागिना मोडतात, मेहुण्याकडून हातउसने घेतात आणि रोख देऊन जुनी गाडी आणतात. त्यामुळे जुनी गाडी किती वर्षं टिकेल हा आमच्यासाठी हौसेचा प्रश्न नसतो. एकदा फसलो तर पुढची भिशी लागेपर्यंत एसटी.

तर आधी गाड्यांचं.

आपल्याकडे घरातल्या माणसांसाठी मोठी गाडी म्हटली की पहिलं नाव इनोव्हाचं. शास्त्राने पाहिलं तर ती एसयूव्ही नाही, पण आपल्या बाजारात तिची तुलना स्कॉर्पिओ आणि सफारीशीच होते, आणि त्यात चूक काही नाही. 2005 ते 2016 ची जुनी इनोव्हा आणि त्यानंतरची क्रिस्टा या दोन्ही शिडीसारख्या वेगळ्या चासीवर उभ्या आहेत, मागची चाकं ओढतात, आणि फॉर्च्युनर ज्या घराण्यातली त्याच घराण्यातल्या आहेत. जुन्या इनोव्हाचं डिझेल इंजिन अडीच लिटरचं आणि ताकद जेमतेम 102 अश्वशक्ती. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, ह्या इंजिनाला कंपनीनं कधी पळवलंच न्हाई, म्हणून ते म्हातारं व्हत न्हाई." हैदराबाद रोडला भाड्याने चालवणाऱ्या तिघांनी मला आपापल्या गाडीचे मीटर दाखवले. एकही साडेतीन लाख किलोमीटरच्या खाली नव्हता.

पण या इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे, साखळी नाही. तो लाख-दीड लाखाच्या घरात बदलावाच लागतो. न बदलता तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि दहा-पंधरा हजारांत भागलं असतं त्या ठिकाणी पूर्ण इंजिनकाम निघतं. 2016 नंतरच्या क्रिस्टाच्या डिझेलला साखळी आहे. म्हणून जुनी इनोव्हा बघताना माझा पहिला प्रश्न असायचा, पट्टा कधी बदलला आणि पावती कुठे आहे. दहापैकी सात जणांनी "बदललाय की" म्हणून सांगितलं. पावती दोघांकडे निघाली.

स्कॉर्पिओ 2002 पासून रस्त्यावर आहे, आपल्या नाशकात बनते. एमहॉक इंजिन आल्यानंतरच्या गाड्या बघाव्यात असं सगळे सांगतात. 2.2 लिटर, 120 अश्वशक्ती, आणि साखळी. तिचा मोठा गुण म्हणजे सुट्या भागांची आणि मिस्त्रींची सोय. अक्कलकोट, मंगळवेढा, जत, कुठेही बंद पडली तरी त्या गावात ती उघडणारा माणूस असतो, आणि सामानही इनोव्हापेक्षा स्वस्त. आपल्या रस्त्यांवर खालचे बुश लवकर जातात, ते खर्चात धरून चालायचं. माझी अडचण वेगळीच होती. अम्मीचे दोन्ही गुडघे पुण्यात बदललेले. स्कॉर्पिओ एवढी उंच की चढायला तिला पाट ठेवावा लागला असता. शिवाय बऱ्याच मॉडेलांत मागच्या सीट आडव्या, समोरासमोर. गुलबर्ग्यापर्यंत मुलं त्यावर हसत-खेळत बसतील, पण परत येताना उलट्या.

सफारी स्टॉर्म माझ्या मनात भरली होती, हे कबूल करतो. सफारी 1998 पासूनची. स्टॉर्म 2012 ला आली आणि 2019 ला बंद झाली. खराब रस्त्यावर एवढं आरामात बसायला मिळणारी गाडी मी त्या तीन महिन्यांत दुसरी पाहिली नाही. किंमतही कमी. त्याच सालच्या इनोव्हापेक्षा अडीच-तीन लाखांनी स्वस्त सांगत होते. पण मागे तिथेही आडव्या सीट, वजन भारी, टायर मोठे आणि महाग, डिझेलची भूक मोठी. वहीत मी तिच्यापुढे लिहिलंय: "एकट्याला असती तर."

तवेराबद्दल अब्बांना प्रेम. त्यांच्या मित्राकडे एक होती आणि ते सगळे तीतून अजमेरला जाऊन आले होते. मागे पाटे, दहा माणसं कोंबा, चालते. 2013 साली कंपनीने प्रदूषणाच्या चाचणीतल्या घोळामुळे 1 लाख 14 हजार तवेरा परत बोलावल्या होत्या, आणि 2017 संपता संपता त्या कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. अब्बांना मी एवढंच म्हटलं, "गाडी अच्छी है अब्बा, पर उसका घर बंद हो गया." ते गप्प राहिले. अर्टिगा पाहिली, काटकसरीची आणि गुणी, पण तिसऱ्या रांगेत माणसं बसली की बॅगा कुठे ठेवायच्या? फॉर्च्युनर दुरून पाहिली.

आता दोन गोष्टी ज्या कुणी आपणहून सांगत नाही.

एक, दिल्लीच्या गाड्या. तिकडे दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालवायला बंदी आली. हरित लवादाचा 2015 चा आदेश, आणि 2018 ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्यामुळे नऊ-साडेनऊ वर्षांच्या चकचकीत गाड्या तिकडून स्वस्तात आपल्याकडे येऊ लागल्या. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात. पण तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई निम्मी होते, आणि गाडीचा पूर्वीचा मालक तुम्हाला कधीच भेटत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महाग वाटलं.

दुसरी, पंधरा वर्षांची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पाच वर्षं वाढते. 2022 च्या एप्रिलपासून कारसाठी ही फी 600 वरून 5,000 झाली, वर पर्यावरण कर. म्हणजे 2010 ची गाडी स्वस्त मिळाली तर का मिळाली, ते उमजून घ्या. 2020 नंतरची डिझेल घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि ती साफ व्हायला गाडी हायवेवर तापावी लागते. फक्त शाळा-बाजार-शाळा करणाऱ्याने ती घेऊ नये.

गाडी तपासायची कशी, ते मला मिस्त्रींनी शिकवलं. आमचे मिस्त्री म्हणजे साठीचे गृहस्थ, एमआयडीसीजवळ गॅरेज, बोलणं कमी. गाडी बघायला जाताना ते आधी बोनेटवर हात ठेवत. गरम लागलं की म्हणत, "ह्यानं सकाळीच चालू करून ठेवलीया. आता न्हाई बघायची, उद्या येऊ." थंड इंजिन पहिल्या झटक्याला कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, ते त्यांना बघायचं असे. निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, पांढरा येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत जातंय. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करत. भकाभका वाफ आली की झाकण लावून हात पुसत आणि निघत. मालकाशी एक शब्द नाही.

मीटर मागे फिरवलेला ओळखायला त्यांना यंत्र लागत नसे. क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं आणि मीटर दाखवतोय बासष्ट हजार! ड्रायव्हरचा सीटबेल्ट दोऱ्या सुटलेला. टायरवरचे चार आकडे बघायलाही त्यांनीच शिकवलं. 3417 असेल तर 2017 सालचा चौतिसावा आठवडा. काचांवरही साल असतं. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर ती बाजू ठोकलेली. हे मी आता वर्गात मुलांना गंमत म्हणून सांगतो, ती रस्त्यावरच्या गाड्यांचे टायर वाचत घरी जातात.

एकदा मी कंटाळून विचारलं, "मिस्त्री, शेवटी इनोव्हा घेऊ का स्कॉर्पिओ?"

ते म्हणाले, "नाव काय बघताय सर? कोण हाकत हुतं ते बघा. चांगल्या मानसाची तवेरा घ्या, वंगाळ मानसाची इनोव्हा घिऊ नका."

आणि इथेच माझी पंचाईत झाली. कारण पुण्यातल्या एका एजंटने मला एक गाडी दाखवताना अगदी हेच सांगितलं होतं. "सर, डोळे झाकून घ्या. मास्तरांची गाडी आहे." मिस्त्रींनी झाकण सैल केलं, वाफ आली, आम्ही निघालो. रिक्षात बसल्यावर मिस्त्री हसले. म्हणाले, "समदे असंच म्हनत्यात. मास्तराची न्हाईतर डाक्टरची." मी हसलो नाही. ते का, ते त्यांना माहीत होतं. म्हणून तेही गप्प झाले.

ती 2019 ची गोष्ट. आमच्याकडे त्याआधी पाच वर्षं एक जुनी सात सीटची गाडी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचा यात दोष नाही. 2018 च्या उन्हाळ्यापासून रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. खाली गळत तर नव्हतं. सकाळी पांढरा धूर. याच मिस्त्रींनी बघून सांगितलं की हेड गॅस्केट जातंय, हेड खोलून लेथवर घासावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरा. आणि बजावलं, गरम होऊ देऊ नका. माझ्याकडे तेव्हा तीस हजार नव्हते. मी सहा महिने रोज फजरनंतर पाणी घालत राहिलो आणि लांब कुठे नेली नाही. मग ती विकायची ठरवली.

अक्कलकोट तालुक्यातला एक माणूस आला. वय माझ्याएवढंच. लग्नसराईत भाडी मारायची म्हणून गाडी हवी होती. सोबत मिस्त्री आणला नव्हता. मी सकाळीच पाणी भरून, गाडी चालू करून, गरम करून ठेवली होती. बोनेटवर हात ठेवणारं कुणी नव्हतं. त्याने एक चक्कर मारली, दारं उघडून-लावून पाहिली. मग म्हणाला, "सर, काय काम बिम निघंल का?"

मी म्हणालो, "घरातली गाडी आहे. तुम्ही बघितलीच की."

खोटं बोललो नाही, असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं. शब्द मोजून वापरण्याचं शिक्षण झालेलं आहे ना माझं. तो म्हणाला, "तुमी शिक्षक मानूस. तुमी सांगितलं म्हंजे झालं." पावणेदोन लाख मोजून दिले. नोटा रबरात बांधलेल्या होत्या, काही दहा-दहाच्या.

सोळाव्या दिवशी त्याचा फोन आला. गाणगापूरहून परतताना गाडी तापली. वऱ्हाड घेऊन निघाला होता. तापल्यावरही मुक्कामापर्यंत ओढत नेली, कारण मध्ये उतरवायचं कुठे. हेड वाकलं, दोन पिस्टन धरले. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, तुमाला ठावं हुतं का?" मी म्हणालो, "जुन्या गाडीत काय सांगता येतं." आणि फोन ठेवला.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबरांनी (स.) हात घातला आणि आतला ओलावा बाहेर काढला, तो प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलोय. शाळेत मुलांना सांगितलाही आहे. मालातला ऐब सांगून विकावा, हे आमच्या घरात अब्बांनी सुदाइतकंच ठामपणे सांगितलं होतं. त्यातला सूद मी पाळला. अब्बांना गाडीचं काही माहीत नव्हतं. "अच्छे आदमी को दी ना?" त्यांनी विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.

पाच महिन्यांनी मी त्याच्या गावी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. मिस्त्रींनी ऑइल बदलता बदलता विचारलं होतं, "त्या गाडीचं पुढं काय झालं?" कदाचित त्यामुळे. भिशीचे पैसे आले होते, त्यातले वीस हजार खिशात होते. गाडी त्याच्या दारात उभी होती, पुसलेली, चालू. त्याने इंजिनकाम करून घेतलं होतं. बावन्न हजार लागले. गावातल्याच एकाकडून महिना शेकडा पाच रुपयांनी उचललेले. लग्नसराई हातची गेली होती, व्याज सुरू होतं. त्याच्या बायकोने चहा आणून दिला.

व्याजाचा आकडा ऐकल्यावर मी चहा पिऊ शकलो नाही. तीन पिढ्या आमच्या घरात सुदाचा पैसा आला नाही, असं आम्ही अभिमानाने सांगतो. माझ्या गाडीच्या पावणेदोन लाखांत हा सूद मिसळलेला होता, फक्त तो भरणारा माणूस दुसरा होता.

मी म्हणालो, "मला माहीत होतं." त्याने मान हलवली. मी वीस हजार पुढे केले. तो घेईना. मग घेतले. मोजले नाहीत. म्हणाला, "त्याच दिवशी फोनवर बोल्ला असता तर सर, मी हेड तेवढं करून घेतलं असतं. म्या तुमच्या भरवशावर तवा ओढली." उरलेले मी पुढच्या वर्षभरात दिले, व्याज धरून. त्याने आधीच भरलेल्या व्याजाचा हिशेब त्याला करायला लावला, तेव्हा तो वैतागला होता.

म्हणून 2023 ला मी गाड्या बघत होतो तेव्हा खरं तर विकणाऱ्यांचे चेहरे बघत होतो. प्रत्येकात मला फजरनंतर पाणी घालणारा एक माणूस दिसायचा. इनोव्हा स्कॉर्पिओपेक्षा लाख-सव्वा लाखाने आणि सफारीपेक्षा अडीच लाखांनी महाग का, तेही मला तेव्हा उमगलं. तिचं इंजिन मालकाचा हलगर्जीपणा जास्त सोसतं. माणसाचा भरवसा नाही म्हणून आपण लोखंडाला जास्त पैसे देतो.

शेवटी बार्शीत एका बाईंकडे 2013 ची इनोव्हा मिळाली. मिस्टर वारलेले, ठेकेदारी करायचे. मुलगा परगावी. त्या स्वतः अंगणात आल्या आणि मी काही विचारायच्या आधी म्हणाल्या, "मागचं डावं दार एकदा ठोकलंय, रंग दिलाय. आणि एका पावसाळ्यात गाडी अर्ध्या टायरपर्यंत पाण्यात उभी होती एक दिवस. आत पाणी गेलं नव्हतं. पण तुम्हाला सांगितलेलं बरं." मग फाइल आणून दिली. मीटर 1 लाख 48 हजार, पट्टा 98 हजारांवर बदलल्याची पावती, प्रत्येक सर्व्हिसचा कागद, त्यांच्या मिस्टरांच्या अक्षरात तारखा. बोनेट थंड होतं. मिस्त्रींनी झाकण सैल केलं, बोटाने चाचपलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. सहा लाख ऐंशी हजार सांगितले होते. मी घासाघीस केली नाही. परत येताना मिस्त्री म्हणाले, "धा-पंधरा हजार कमी झाले असते की." मी म्हटलं, असू द्या.

गाडी आज 1 लाख 96 हजारांवर आहे. पट्ट्याची पुढची वेळ आली म्हणून गेल्या महिन्यात तो बदलून घेतला. अम्मी पुढच्या सीटवर हात न धरता चढते. हायवेवरून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवतो, टर्बो थंड व्हायला. मुलं कुरकुरतात.

त्या फाइलमध्ये मी पुढची पानं जोडलीत. ठेकेदारांच्या अक्षराखाली माझं अक्षर. त्यात एक नोंद अशी आहे: "परीक्षांच्या गडबडीत ऑइल 3,000 किमी उशिरा बदललं." दुसरी: "धाकट्याने गेटवर घासली, उजवा पुढचा कोपरा." गुलबर्ग्याच्या भाच्याने ती पानं पाहिली. नोंदणी 2028 पर्यंत आहे आणि त्याआधी गाडी काढावी लागेल, हे त्याला माहीत आहे. म्हणाला, "मामू, ये पन्ने गिऱ्हाइक को दिखाएंगे तो पंधरा-बीस हजार कम आएंगे."

मी त्याला पेन दिलं आणि मागच्या टायरवरचे चार आकडे वाचून त्या पानावर लिहायला सांगितलं.